तीन उन्हाळे, एकच काटा: जुनी सेदान गरम होण्याची कारणं आणि झालेला खर्च

तुळजापूरचा घाट लागायच्या जरा आधी माझ्या गाडीचा टेंपरेचरचा काटा पहिल्यांदा मधली रेघ सोडून वर सरकला. एप्रिल २०२२, दुपारचे साडेबारा, एसी फुल, मागं आई आणि तिच्या मांडीवर नैवेद्याचा डबा. एसी बंद करून काचा खाली केल्या तसा काटा थोडा निवळला. देवीची कृपा म्हणायची आणि पुढं जायचं, तसा गेलो.

पुढच्या वर्षी मे महिन्यात तोच काटा सोलापुरात सात रस्ता चौकाच्या सिग्नलवर वर गेला. त्याच्या पुढच्या वर्षी पुणे हायवेला, मोहोळच्या अलीकडं. तिन्ही वेळा गॅरेजला जाऊन मी एकच वाक्य बोललो, "गाडी गरम होते." तिन्ही वेळा काहीतरी बदललं गेलं, बिल झालं, मृगाचा पाऊस पडला आणि गाडी गप्प बसली. मला वाटायचं दुखणं एकच आहे आणि ते बरं होत नाही. प्रत्यक्षात दुखणी तीन होती, फक्त तिघांचं तोंड एकच होतं. हे कळायला तीन उन्हाळे आणि सगळं धरून १९,५८० रुपये गेले. त्यातले निम्मे तरी वाचले असते.

गाडी २०११ ची पेट्रोल सेदान, एमएच १३ पासिंग, दोन हात फिरून माझ्याकडं आलेली. २०२१ च्या दिवाळीत २ लाख ३५ हजारांना घेतली तेव्हा मीटरवर ८६ हजार किलोमीटर होते. कंपनी आणि मॉडेल मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की चर्चा "त्या कंपनीची गाडी घेऊच नये" इकडं वळते, आणि हे दुखणं दहा-पंधरा वर्षं जुन्या कुठल्याही गाडीला होतं.

पहिला उन्हाळा: थर्मोस्टॅट काढून टाकला

तुळजापूरहून परत आल्यावर घराजवळच्या एका गॅरेजला दाखवलं. त्यानं बॉनेट उघडलं, पाणी कमी आहे म्हणाला, नळीनं बोरचं पाणी भरलं, थर्मोस्टॅट काढून हातात दिला. "ह्याचं काय काम नाही आपल्याकडं, थंड मुलखात लागतंय ते." ६०० रुपये घेतले.

हा सल्ला सोलापुरात तुम्हाला दहापैकी सहा-सात ठिकाणी मिळेल, म्हणून त्यावर जरा थांबतो. थर्मोस्टॅट म्हणजे मेणाच्या गोळीवर चालणारी झडप. पाणी साधारण ८२ ते ८८ अंशांपर्यंत तापेस्तोवर ती बंद राहते, पाणी इंजिनातच फिरतं आणि इंजिन लवकर आपल्या कामाच्या तापमानाला येतं. मग झडप उघडते आणि पाणी रेडिएटरकडं, म्हणजे हवेनं पाणी थंड करणाऱ्या पुढच्या जाळीकडं जातं. ती अडकून बंदच राहिली तर गाडी गरम होणारच, त्यात वाद नाही. पण मग नवीन बसवायची. काढून टाकली की इंजिन बराच वेळ थंडच धावतं, आणि इंजिन अजून गरम व्हायचंय असं समजून कॉम्प्युटर पेट्रोल जास्त सोडत राहतो. हायवेला १५ देणारी माझी गाडी थंडीत १२ वर आली. मी त्याचं खापर पंपावर फोडत राहिलो, निरनिराळ्या पंपांवर टाकी भरून पाहिली. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट नसला की पाण्याचा बायपास उघडाच राहतो, थोडं पाणी रेडिएटरकडं न जाताच परत फिरतं आणि गाडी उलट जास्त तापते.

थर्मोस्टॅट तपासायला पैसे लागत नाहीत. पातेल्यात पाणी घ्या, त्यात दोऱ्याला बांधून तो सोडा आणि गॅसवर ठेवा. पाणी उकळायच्या जरा आधी तो डोळ्यांदेखत उघडला पाहिजे. घरात कुणी विचारलं तर चहा ठेवलाय म्हणू नका, मी म्हटलं होतं आणि ते पातेलं अजून चहाला वापरू दिलं जात नाही.

दुसरा उन्हाळा: पंप बदलला, दोष फॅनचा

मे २०२३. गाडी चालत असली की काही नाही, सिग्नलला दोन मिनिटं उभी राहिली की काटा वर. आज हे वाक्य कुणी मला सांगितलं तर बॉनेट न उघडता मी रेडिएटरचा फॅन म्हणेन. तेव्हा मला ते कळत नव्हतं आणि मी ते वाक्य गॅरेजवाल्याला सांगितलंही नाही. "गाडी गरम होते" एवढंच सांगितलं. त्यानं वॉटर पंप बदलला, २,९०० चा पंप आणि १,२०० मजुरी. चार दिवसांनी पार्क चौकात पुन्हा तेच.

मग एका मित्रानं सांगितलं म्हणून गाडी पूर्व भागातल्या एका जुन्या मिस्त्रींकडं नेली. सगळे त्यांना चाचा म्हणतात, मीही चाचाच म्हणतो. त्यांनी काहीच खोललं नाही. इंजिन चालू, एसी चालू, आणि कालच्या पेपरचं एक पान समोरच्या जाळीपुढं धरलं. पान क्षणभर जाळीला टेकलं आणि घसरून खाली पडलं.

"बघा मालक, ओढ नाही ह्याच्यात. फिरतोय नुसता."

फॅन धडधाकट असेल तर तो कागद जाळीला चिकटून बसतो, हात सोडला तरी पडत नाही. माझ्या फॅनच्या मोटरचे कार्बन (मोटरला वीज पोहोचवणारे तुकडे) झिजले होते. बघणाऱ्याला फॅन फिरताना दिसायचा, म्हणून आधीच्या गॅरेजनं "फॅन चालू आहे" म्हणून तो विषय सोडला होता. चालू असणं आणि वारा ओढणं वेगळं. नवीन मोटर २,८००, बसवायचे ४००.

त्याच वेळी चाचांनी आणखी एक गोष्ट दाखवली. रेडिएटरच्या पुढं एसीचा कंडेन्सर (एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) असतो आणि दोघांच्या मध्ये बोटभर फट. त्या फटीत करड्या रंगाची अक्षरशः गोधडी बसली होती. माझं कामाचं ठिकाण अक्कलकोट रोड एमआयडीसीत, शेजारी टॉवेलचे कारखाने, गाडी दिवसभर तिथं उभी. हवेत उडणारं कापसाचं तूस फॅन ओढून घेतो, त्यावर धूळ बसते, पावसात ती भिजते आणि वाळून पुठ्ठा होतो. पुढून बघितलं तर जाळी स्वच्छ दिसते. साफ करताना पाणी इंजिनच्या बाजूनं बाहेरच्या बाजूला मारायचं, म्हणजे घाण आली त्याच वाटेनं निघते. सर्व्हिस सेंटरची जोराची पिचकारी जवळून मारू नका, अॅल्युमिनियमची पानं आडवी होतात आणि मग हवाच जात नाही.

तिसरा उन्हाळा: मोहोळ

एप्रिल २०२४, पुण्याहून परत येत होतो. वेग ९०-१००, एसी चालू, बाहेर ४२-४३ अंश. मोहोळच्या अलीकडं काटा वर गेला. मी एसी बंद करायच्या बेतात असतानाच काटा एकदम खाली आला, थंड इंजिनासारखा पार तळाला. "निवळलं" म्हणून मी तसाच पुढं गेलो. दोन किलोमीटरवर लाल बत्ती लागली आणि बॉनेटच्या कडेतून वाफ यायला लागली.

हे ज्यांना माहीत नसेल त्यांनी लक्षात ठेवा, कारण इंजिन इथंच जातात. काट्याचा सेन्सर पाण्यात बुडालेला असतो तोवरच खरं सांगतो. पाणी संपलं की तो कोरडा पडतो आणि काटा वाटेल ते दाखवू शकतो, थंडसुद्धा. वर गेलेला काटा काही न करता झपकन खाली आला तर ती आनंदाची बातमी नसते. गाडी तिथंच बाजूला घ्यायची आणि इंजिन बंद करायचं. काही नव्या गाड्यांना काटाच नाही, निळी आणि लाल बत्ती तेवढी आहे. त्यांना ही पूर्वसूचनाही मिळत नाही.

टोचन करून गाडी सोलापुरात आणली, २,५०० रुपये. दुसऱ्या दिवशी जवळच्याच एका मोठ्या गॅरेजनं बॉनेट उघडून पाच मिनिटांत निकाल दिला, "हेड गॅस्केट गेलं. इंजिन खोलावं लागेल, २२ हजार धरून चला." (हेड गॅस्केट म्हणजे इंजिनाचं वरचं हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील.) कुठली चाचणी केली म्हणून विचारलं तर उत्तर होतं, "अनुभव आहे."

गाडी पुन्हा चाचांकडं. त्यांनी आधी ऑइलची काडी काढून बघितली, ऑइल काळं होतं पण ताकासारखं नव्हतं (गॅस्केटमधून पाणी मिसळलं की ते तसं होतं). प्लग काढून बघितले, चारी सारखेच. मग पाणी भरून, झाकण उघडं ठेवून इंजिन चालू केलं आणि रेडिएटरच्या तोंडाशी पाच-सात मिनिटं बघत बसले. सुरुवातीला हवेचे चार बुडबुडे आले आणि थांबले. हेड गॅस्केट गेलेलं असतं तर सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरतो आणि बुडबुडे थांबतच नाहीत, ॲक्सिलरेटर दिला की वाढतात.

"गॅस्केट शाबूत आहे. मालक, ह्यात पाणी कुठलं घालताव?"

"बोरचं. कधी कमी वाटलं की घालतो लिटरभर."

त्यांनी रेडिएटरच्या तोंडात बोट घालून फिरवलं आणि बाहेर काढलं. बोटाला पांढरट, खरबरीत पीठ लागलं होतं. "हंड्याला धरतंय ते हितं धरणार नाही व्हय?"

रेडिएटर उतरवल्यावर चाचांनी तो खालच्या बाजूनं करवतीनं कापून दाखवला. चपट्या नळ्यांची एक ओळ असते, प्रत्येक नळी जेमतेम दोन मिलिमीटर रुंद. खालच्या तिसऱ्या भागातल्या नळ्या पांढऱ्या खडूनं बुजवल्यासारख्या दिसत होत्या. आमच्या घरच्या गिझरचा कॉइल काढला तेव्हा हाच थर पाहिला होता. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. पिण्यापुरतं उजनीचं, बाकी वापराला बोर, हे घरोघरचं गणित. बोरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार भरपूर. पाणी तापलं की ते बाहेर पडून धातूवर बसतात आणि इंजिन तर रोजच तापतं. शहरात कमी वेगात अर्धा बुजलेला रेडिएटर कसाबसा पुरतो. हायवेला ९० च्या वेगात एसीसकट इंजिन जेवढी उष्णता टाकतं, तेवढी त्याला झेपत नाही. फॅन नवा असूनही गाडी तापली ती यामुळं.

पण गाडीला दर पंधरा दिवसांनी लिटरभर पाणी लागतच का होतं? खाली थेंब नाही, मॅट ओली नाही, धूर नाही. याचं उत्तर सगळ्यात स्वस्त निघालं.

२८० रुपयांचं झाकण

रेडिएटरचं झाकण हे नुसतं झाकण नसतं. त्यात दोन झडपा असतात. मोठी, स्प्रिंगवाली झडप आतला दाब एका मर्यादेपर्यंत धरून ठेवते. ती मर्यादा झाकणावरच लिहिलेली असते, ०.९ किंवा १.१ असा आकडा. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास उंच आहे, उघड्या भांड्यात पाणी इथं साधारण ९८ अंशांनाच उकळतं. १.१ च्या झाकणानं दाब धरला की तेच पाणी १२० अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. दुसरी झडप मधोमध, छोटी. इंजिन थंड होताना ती उघडते आणि शेजारच्या जादा पाण्याच्या बाटलीत गेलेलं पाणी परत रेडिएटरमध्ये ओढून घेते.

माझ्या झाकणाचं रबर वाळून भेगाळलं होतं आणि स्प्रिंग अंगठ्यानं सहज दबत होती. दाब धरला जात नव्हता, म्हणून पाणी लवकर उकळायचं, बाटलीत जायचं, बाटली भरली की बारीक नळीतून रस्त्यावर. थंड झाल्यावर परत ओढायचं तर मधली झडप चिकटलेली. चालू गाडीत हे सगळं घडायचं, पार्किंगमध्ये थेंबही दिसायचा नाही. २०२२ मध्ये तुळजापूरहून आल्यावर पाणी कमी निघालं ते याच झाकणामुळं. पाणी कमी झालं म्हणून बोरचं भरलं, बोरच्या पाण्यानं रेडिएटर बुजला, रेडिएटर बुजला म्हणून मोहोळ. मधला फॅन तेवढा स्वतंत्र.

आणि एवढ्या तीन वर्षांत एकाही गॅरेजनं झाकण बदला म्हटलं नाही. मीही विचारलं नाही. २८० रुपयांच्या कामात कुणाला काय मिळणार म्हणा.

झाकण घेताना जुन्यावरचा आकडा बघून तोच घ्या. जास्त आकड्याचं "मजबूत" झाकण बसवलं तर दाब वाढून दहा वर्षांचा होज (पाण्याचा रबरी पाइप) किंवा रेडिएटरची प्लास्टिकची टाकी फुटू शकते. काही गाड्यांना रेडिएटरवर झाकण नसतं, बाटलीवरचं झाकणच हे काम करतं. त्यांनी ते बदलायचं.

गॅरेजला जाण्याआधी काय लिहून न्यायचं

गाडी तापते एवढं सांगू नका, कधी तापते ते सांगा. मी आता डॅशबोर्डच्या कप्प्यात एक छोटी वही ठेवतो.

उभी असताना तापते आणि चालायला लागली की निवळते: फॅन, त्याची रिले (फॅनला वीज देणारा स्विच), फ्यूज, कार्बन, किंवा कंडेन्सरमागची गोधडी. रिले १५० ते ४०० रुपयांची असते, मोटरवर जाण्याआधी शेजारची तशीच रिले अदलाबदल करून बघा.

वेगात किंवा चढावर तापते, शहरात ठीक: पाणी नीट फिरत नाही. रेडिएटर चोक, पंपाची पाती गंजलेली, किंवा खालचा होज मऊ पडून वेगात ओढीनं चपटा होतोय. होज हातानं दाबून बघा, आत स्प्रिंग नसेल आणि तो चपातीसारखा दबत असेल तर बदला, ४००-८०० चं काम. रेडिएटर चोक आहे का हे घरीही थोडंफार कळतं. गाडी चालवून आणा, इंजिन बंद करा, फॅनचा प्लग काढून ठेवा आणि मग रेडिएटरवर जवळून हात फिरवा. एखादा पट्टा थंड लागला तर तिथून पाणी जात नाही. फॅनचा प्लग काढायचा म्हणजे काढायचाच, इंजिन बंद असतानाही काही गाड्यांत फॅन आपोआप सुरू होतो.

सकाळी थंड गाडी सुरू केल्यावर दहा मिनिटांत तापते: थर्मोस्टॅट बंद अडकलाय, किंवा पाण्यात हवा अडकलीय, किंवा खरंच हेड गॅस्केट. वरचा होज चटका बसेल इतका गरम आणि खालचा गार असेल तर थर्मोस्टॅट. थंड इंजिन सुरू करून मिनिट-दोन मिनिटांतच वरचा होज दगडासारखा टणक झाला तर गॅस्केटची शंका घ्या, कारण एवढ्यात पाणी तापून दाब येत नाही, तो सिलिंडरमधून येतोय.

पाणी कमी होतं पण गळत नाही: आधी झाकण. मग पंपाच्या खालचं बारीक भोक बघा, तिथं वाळलेल्या कूलंटचा (इंजिन थंड ठेवायला पाण्यात मिसळतात त्या रंगीत द्रवाचा) ओघळ दिसतो. मग डाव्या सीटच्या पायाखालची मॅट. एसीच्या पाण्यानंही ती ओली होते, पण ते पाणी स्वच्छ असतं. बोटाला चिकट लागलं आणि गोडसर वास आला तर हीटरचा छोटा रेडिएटर गळतोय. हे काम कटकटीचं, बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्ड उतरवावा लागतो. गोड वासावरून आठवलं, कूलंटमधलं ग्लायकॉल विषारी आहे आणि चवीला गोड. सांडलेलं कुत्र्या-मांजरांना चाटू देऊ नका, रिकाम्या पाण्याच्या बाटलीत भरून घरात ठेवू नका.

रस्त्यात तापली तर

काटा वर सरकतोय पण लालमध्ये नाही: एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर फुल. मे महिन्यात सोलापुरात हीटर लावायचा म्हणजे घरचे शिव्या घालतात, पण तो एक जादा रेडिएटरच असतो, काटा दोन मिनिटांत खाली येतो. वाफ दिसली किंवा लाल बत्ती लागली तर हे काही करू नका, सरळ बंद. झाकणाला अर्धा-पाऊण तास हात लावायचा नाही. होज दाबल्यावर मऊ लागला की मगच, जाड फडकं टाकून, आधी अर्ध्या खाचेपर्यंत. आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतायचं नाही. हेड अॅल्युमिनियमचं असतं, ते वाकतं किंवा चिरतं, आणि मग तो २२ हजारांचा अंदाज खरा होतो.

अडीअडचणीला ओतायचंच असेल तर वीस लिटरच्या जारचं आरओ पाणी ओता, बोरचं नको. ढाब्यावर जार असतोच.

पाणी आणि कूलंट

चाचांनी नवीन रेडिएटर बसवण्याआधी इंजिनमधलं जुनं पाणी तीन वेळा बदललं. पहिल्यांदा लालसर गढूळ निघालं, तिसऱ्यांदा बऱ्यापैकी स्वच्छ. "ॲसिड मारून साफ करतो" म्हणणाऱ्याला नमस्कार करून परत या, ॲसिड क्षाराबरोबर अॅल्युमिनियमही खातं. लिंबूसत्त्वाच्या सौम्य पाण्यानं साफ करतात, ते चालतं, पण खूप बुजलेल्या जुन्या रेडिएटरवर तेही करू नये. क्षारानं बंद केलेली भोकं उघडतात आणि कालपर्यंत कोरडा असलेला रेडिएटर दुसऱ्या दिवशी गळायला लागतो.

तयार मिसळलेलं कूलंट लिटरला साधारण २५० ते ४०० रुपये. घट्ट कूलंट घेतलं तर ते निम्मं आणि बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी निम्मं. हिरवं, लाल, निळं यावरून प्रकार ठरत नाही, रंग ज्याची त्याची कंपनी टाकते. गाडीच्या पुस्तकात जो प्रकार दिलाय तो बघा, आणि दोन वेगळे प्रकार मिसळू नका. भरताना हीटर गरमवर ठेवून, झाकण उघडं ठेवून इंजिन चालवायचं, फॅन दोनदा लागून बंद होईस्तोवर. मगच हवा पूर्ण निघते. घाईत भरून दिलेली गाडी दुसऱ्या दिवशी तापते आणि दोष बिचाऱ्या नवीन थर्मोस्टॅटला लागतो.

हिशोब

२०२२: थर्मोस्टॅट काढला, ६०० (वाया). २०२३: पंप ४,१०० (वाया, जुना ठीक होता), फॅन ३,२००. २०२४: टोचन २,५००, रेडिएटर ५,४००, मजुरी १,०००, कूलंट १,४००, नवीन थर्मोस्टॅट १,१००, झाकण २८०. एकूण १९,५८०. पंपाबद्दल एक सांगतो: तुमच्या गाडीत पंप टायमिंग बेल्टवर फिरत असेल तर बेल्ट बदलताना पंपही बदला, मजुरी एकदाच जाते. माझ्यासारखा अंदाजानं नाही.

थर्मोस्टॅट परत बसल्यावर मायलेज १२ वरून १४ च्या वर आलं. २०२५ चा अख्खा उन्हाळा तुळजापूर, पंढरपूर, पुणे, सगळीकडं एसी लावून गेलो, काटा मधल्या रेघेवर.

जुनी सेदान बघायला जाणाऱ्यांसाठी बाकीचे खर्च थोडक्यात. हे आकडे मी आणि माझ्या ओळखीच्यांनी सोलापुरात बाहेरच्या गॅरेजला दिलेले आहेत, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला दीडपट तरी धरा. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग आणि मजुरी मिळून ८ ते १२ हजार. पुढचे दोन्ही शॉकअप ५ ते ८ हजार. खड्ड्यात पुढून "टक टक" येतंय तर बहुतेक वेळा लिंक रॉड, जोडीला हजार-दीड हजार. आधी तेच बदलून बघा, शॉकअपवर उडी मारू नका. एसीचा गॅस १,५०० ते २,५००, पण दर वर्षी भरावा लागत असेल तर गळती शोधायला लावा. कॉम्प्रेसर १२ ते २० हजार. बॅटरी ४ ते साडेपाच हजार, आणि आपल्या उन्हात ती चौथं वर्ष क्वचितच बघते. पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं (आपल्या जिल्ह्यातल्या ऊसकऱ्यांना आनंद आहे), पण २०११ च्या गाडीतले पेट्रोलचे रबरी पाइप त्यासाठी केलेले नाहीत. वास आला किंवा पाइप फुगलेला दिसला तर लगेच बदलायचा.

गाडी बघायला जाल तेव्हा इंजिन थंड असताना जा आणि मालकाला आधी झाकण उघडायला सांगा. आत रंगीत कूलंट दिसलं तर बाकीचं बघा. गंजकट पाणी किंवा तोंडाशी पांढरा थर दिसला तर रेडिएटर, थर्मोस्टॅट, कूलंट असे ९-१० हजार तिथंच किमतीतून कमी करायला लावा. मालकानं आधीच इंजिन गरम करून ठेवलं असेल तर "संध्याकाळी परत येतो" म्हणा. पंधरा वर्षांला टेकलेली गाडी असेल तर आरसी नूतनीकरणही धरा: १ एप्रिल २०२२ पासून खाजगी कारचं शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झालंय, पर्यावरण कर वेगळा.

माझ्या गाडीलाही २०२६ मध्ये ते करायचं आहे. त्याआधी एक काम बाकी आहे. फॅनला दोन वेग असतात, त्यातला कमी वेग चालत नाही, एकदम जोरातच सुरू होतो. त्याचा रेझिस्टर गेलाय. नवीन मिळेना, चाचांनी भंगारात सापडला तर फोन करतो म्हणालेत. तोवर सिग्नलला गाडी उभी राहिली की फॅन पिठाच्या गिरणीसारखा ओरडतो आणि शेजारचा रिक्षावाला वळून बघतो.